वाइन वाईट निघाली, आता काय?

नव्याने वाइन प्यायला लागलेल्यांना सगळे सल्ले चांगल्या बाटलीबद्दलचे मिळतात. कोणती घ्यावी, कोणत्या साली द्राक्षं चांगली पिकली, कशासोबत प्यावी. प्रत्यक्षात पेल्यात बऱ्याचदा काहीतरी आंबट-तुरट, नाहीतर कुबट, नाहीतर अगदीच मिळमिळीत येऊन पडतं, आणि त्याचं काय करायचं ते कोणी सांगत नाही. मग माणूस एक तर तोंड वाकडं करत पेला संपवतो, किंवा ‘आपल्याला वाइनमधलं काही कळत नाही’ असं ठरवून तो नादच सोडतो.

माझं म्हणणं असं, की वाइन ओळखायला शिकायचं असेल तर वाईट बाटली जास्त कामाची. चांगल्या वाइनमध्ये सगळं एकमेकांत इतकं मिसळून गेलेलं असतं की नवख्याला कशावरच बोट ठेवता येत नाही. वाईट वाइनमध्ये एखादी गोष्ट हमखास वर आलेली असते. ती पकडायची, तिला नाव द्यायचं, जमलं तर दुरुस्त करायची. यात खरी मजा आहे, आणि ती पुढे चांगल्या बाटलीतही उपयोगी पडते. जे पीत नाहीत त्यांनी यासाठी सुरुवात करायची गरज नाही, हे वेगळं सांगायला नकोच.

आधी भीती घालवा

बिघडलेली वाइन प्यायली तर पोट बिघडेल, ही पहिली शंका. सहसा नाही बिघडत. वाइनचा पीएच साधारण ३ ते ४ च्या दरम्यान असतो, म्हणजे ती चांगलीच आम्लधर्मी. त्यात १२ ते १४ टक्के अल्कोहोल. या दोघांच्या कचाट्यात माणसाला आजारी पाडणारे जंतू तग धरत नाहीत. जे तग धरतात, म्हणजे व्हिनेगर करणारे जिवाणू आणि काही जातींचे यीस्ट, ते चवीचं वाटोळं करतात, तब्येतीचं नाही. लुई पाश्चर यांनी नेपोलियन तिसऱ्याच्या सांगण्यावरून वाइन का बिघडते याचा तपास केला आणि १८६६ साली तो ग्रंथरूपाने छापला, तेव्हापासून हे सूक्ष्मजीवांचं काम आहे हे पक्कं ठाऊक आहे.

तळाशी साका दिसला किंवा बुचाच्या आतल्या बाजूला काचेसारखे बारीक खडे चिकटलेले दिसले तरी घाबरू नका. ते खडे टार्टारिक आम्लाच्या क्षाराचे असतात. वाइन थंडीत राहिली की जमतात. बाटली उभी ठेवा, हळू ओता, शेवटचा गढूळ घोट सोडून द्या. झालं.

भेसळ मात्र वेगळी गोष्ट आहे. १९८५ साली ऑस्ट्रियातल्या काही वाइनमध्ये डायइथिलीन ग्लायकॉल हे विषारी रसायन घातल्याचं उघड झालं, कशासाठी तर वाइन जास्त गोड आणि भरदार लागावी म्हणून. पुढच्याच वर्षी इटलीत मिथेनॉल मिसळलेल्या वाइनने वीसहून अधिक माणसं दगावली. अशा वेळी जीभ आणि नाक दोन्ही काही सांगत नाहीत. म्हणून बाटली सीलबंद असावी आणि कुठून आली ते माहीत असावं. तसं नसेल तर या लेखातलं काहीही करून बघायला जाऊ नका, ओतून द्या.

आणखी एक. वाइन वाईट असली तरी तिच्यातलं अल्कोहोल चांगल्या वाइनइतकंच असतं. चाखायला चमचाभर पुरते. तोंडात घोळवून थुंकून टाकली तरी चालतं. ज्यांचा चाखण्याचा व्यवसायच आहे ते दिवसभर तेच करतात.

वाईट, पण कशी?

पहिल्या घोटाला ‘बेकार आहे’ असं आलं तरी ते तोंडातच ठेवा. त्याऐवजी बिनसलंय काय ते बघा. काही बाटल्या नासलेल्या असतात: करताना, साठवताना किंवा नेता-आणताना काहीतरी झालेलं असतं. काही नासलेल्या नसतात, पण त्यांचा तोल गेलेला असतो. आंबटपणा फार, तुरटपणा फार, नाहीतर अल्कोहोलची जळजळ बाकी सगळ्यावर बसलेली. काही मुळात ठीक असतात, पण उघडल्या भलत्या वेळी, फार गरम, फार गार, किंवा अजून कोवळ्या. आणि उरलेल्या नुसत्या कंटाळवाण्या. या शेवटच्या प्रकाराशी माझं सगळ्यात कमी जमतं. नासलेल्या वाइनबद्दल निदान बोलता तरी येतं. कंटाळवाणी वाइन पिताना जाणवत नाही आणि संपल्यावर आठवत नाही.

आता सवय अशी लावा: प्रत्येक पेल्यासाठी दोन नामं शोधायची, विशेषणं नाही. ‘छान’, ‘भारी’, ‘टुकार’ यातून काही हाती लागत नाही. १९८० च्या दशकात कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या अ‍ॅन नोबल यांनी वाइनमधल्या वासांचं एक चक्र तयार केलं. मधोमध ढोबळ गट आणि बाहेर सरकत जाल तसे नेमके वास. त्यात ‘डौलदार’, ‘उमदी’ असले कौतुकाचे शब्द मुद्दाम घेतलेले नाहीत. ओला पुठ्ठा आहे, भिजलेला कुत्रा आहे, जळलेली काडी आहे, लसूण आहे, घोडा आहे. म्हणजे चांगले-वाईट सगळे वास एकाच पंगतीला बसलेले. नवख्याने हीच रीत उचलावी. ‘घोडा’ म्हणायला लाजू नका. समोरच्यालाही बहुतेक तेच वाटत असतं, पण बोलायची हिंमत नसते.

नाकाने तपास

पेला एक तृतीयांशाहून जास्त भरू नका. फिरवण्याआधी एकदा वास घ्या. मग पेल्याचा तळ टेबलावर टेकवूनच गोल फिरवा आणि पुन्हा घ्या. पहिल्या वासाला सर्वांत जास्त किंमत द्या, कारण नाक मिनिटभरात सरावतं आणि मग खोटी साक्ष देतं.

सर्वांत बदनाम दोष बुचाचा. ओला पुठ्ठा, बंद तळघर, पावसाळ्यात न वाळलेले कपडे, अशा जातीचा वास. बुचातली बुरशी आणि क्लोरीन असलेली काही संयुगं यांची गाठ पडली की २,४,६-ट्रायक्लोरोअ‍ॅनिसोल नावाचं द्रव्य तयार होतं. सोयीसाठी त्याला टीसीए म्हणतात. स्विस संशोधकांनी १९८२ साली हा गुन्हेगार ओळखला. लिटरमागे काही नॅनोग्रॅम, म्हणजे ग्रॅमचे काही अब्जांश, एवढ्यावर नाकाला कळतं. यातला खरा डाव पुढेच आहे. जपानमधल्या ओसाका विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१३ साली दाखवलं, की टीसीए नाकातल्या वास टिपणाऱ्या पेशींचं कामच दाबून टाकतं. म्हणजे त्याचा स्वतःचा वास येवो न येवो, बाकीचे वास गायब होतात. त्यामुळे थोडीशीच बाधा झालेली बाटली कुबट लागत नाही, फिकी लागते. पिणारा बुचाला दोष देत नाही, ‘ही वाइनच यथातथा’ म्हणून मोकळा होतो.

रेस्टॉरंटमध्ये बाटली उघडल्यावर वाढणारा पेल्यात थोडीशी ओतून थांबतो ते याचसाठी. ‘आवडली का?’ असं तो विचारत नसतो, ‘नासलेली नाही ना?’ असं विचारत असतो. कुबट वाटली तर संकोच नको, त्यालाच वास घ्यायला सांगा. नुसती आवडली नाही, म्हणून मात्र परत करता येत नाही.

घरी अशी बाटली निघाली तर एक प्रयोग करण्यासारखा आहे. काचेच्या जगमध्ये पॉलिथीनची एक स्वच्छ, खाद्यपदार्थांसाठीची पिशवी चुरगाळून टाका, वर वाइन ओता, दहा मिनिटं अधूनमधून हलवा. टीसीए पॉलिथीनला चिकटतं आणि कुबटपणा बराच खाली येतो. चिकट पारदर्शक फिल्म वापरणार असाल तर ती पॉलिथीनचीच आहे ना ते वेष्टनावर बघा, कारण काही फिल्म पीव्हीसीच्या असतात. या खटाटोपातून वाइन पहिल्यासारखी होते असं नाही. तिच्यातला थोडा फळांचा वासही पिशवीबरोबर जातो. पण एक पेला आधीचा आणि एक नंतरचा शेजारी ठेवून वास घ्या. बुचाचा दोष म्हणजे काय, हे त्यानंतर कुणाला विचारावं लागणार नाही.

दुसरा वास जळलेल्या काडीचा, उकडलेल्या अंड्याचा किंवा कोबीचा. याचं मूळ गंधकात. यीस्टला पोषण कमी पडलं किंवा वाइनला करताना हवाच लागली नाही की हायड्रोजन सल्फाइड आणि त्याची भावंडं जमतात. नवखे लोक या वासाला सगळ्यात जास्त घाबरतात, आणि दुरुस्त व्हायला सगळ्यात सोपा हाच. जोरात फिरवा. जगमधून जगमध्ये दोन-तीन वेळा ओता, फेस आला तरी येऊ द्या. तेवढ्याने भागलं नाही तर तांब्याचा एखादा तुकडा घ्या, जाड तारसुद्धा चालेल, चिंचेने घासून लखलखीत करा, धुवा आणि पेल्यात अर्धा मिनिट ढवळून बाहेर काढा. तांबं हायड्रोजन सल्फाइडला पकडतं. वास कधीकधी बघता बघता पडतो आणि त्याच्या खाली दडलेलं फळ वर येतं. तांब्याचा तुकडा पेल्यात तसाच ठेवून मात्र गप्पा मारत बसू नका. वाइन आंबट असते, तांबं विरघळायला लागेल.

तिसरा व्हिनेगरचा, आणि त्याच्याबरोबर नेलपॉलिश काढायच्या द्रावणासारखा झणझणीत. हवा मिळाली की अ‍ॅसेटोबॅक्टर जिवाणू अल्कोहोलचं अ‍ॅसेटिक आम्ल करतात. हा दोष उलटवता येत नाही. पण इथे थोडं थांबा. फ्रान्सच्या बोर्दोमधल्या शेव्हाल ब्लाँ या शातोची, म्हणजे वाइन करणाऱ्या द्राक्षमळ्याची, १९४७ सालची वाइन विसाव्या शतकातल्या थोर बाटल्यांमध्ये गणली जाते. त्या साली उन्हाळा भयंकर होता, द्राक्षं अतोनात पिकली, आंबवण हाताबाहेर गेलं, आणि तयार वाइनमध्ये याच उडनशील आम्लाचं प्रमाण एवढं राहिलं की आजचा कुठलाही काटेकोर वाइनतज्ज्ञ तिला दोषी ठरवेल. तरी लोक तिच्यासाठी जीव टाकतात. थोडासा आंबूस झोत वाइनला वर उचलतो, जास्त झाला की बुडवतो. ती रेघ कुठे आहे, हे ज्याच्या त्याच्या नाकावर. तुमची रेघ कुठे आहे ते शोधायला अशीच एखादी सीमेवरची बाटली लागते.

तबेला, चामडं, जखमेवर लावायच्या चिकटपट्टीचा औषधी वास हे ब्रेटॅनोमायसिस नावाच्या यीस्टचं काम. डेन्मार्कच्या कार्ल्सबर्ग ब्रुअरीत क्लाउसन यांनी त्याची ओळख १९०४ साली जगाला करून दिली, तीही बिअरच्या निमित्ताने. याच्या बाबतीत घरं फुटतात. काहींना चामड्याच्या वासाने वाइन खोल वाटते, काहींना घशाखाली उतरत नाही. मी पहिल्या गटातला, चिकटपट्टी येईपर्यंत.

आणि हवा लागून उतरलेली वाइन. पांढरी असेल तर पिवळी-तपकिरी पडते, वास कापून ठेवलेल्या सफरचंदाचा, सुक्या मेव्याचा. साध्या वाइनमध्ये हा दोषच. पण स्पेनमधली ओलोरोसो शेरी मुद्दाम हवेत मुरवतात. फ्रान्सच्या ज्युरा भागातली पिवळी वाइन, वँ जोन, पिंपात यीस्टच्या सायीखाली सहा वर्षांहून जास्त ठेवतात आणि पिंप वरपर्यंत भरत नाहीत. पोर्तुगालच्या मदेरा बेटावरच्या, त्याच नावाच्या वाइनची तर कथाच न्यारी. त्या बेटावरची पिंपं जहाजात उष्ण समुद्रातून हेलकावे खात गेली, वाइन तापली, आणि बिघडण्याऐवजी सुधारली. आजही तिथली बरीच वाइन टाक्यांमध्ये ४५ ते ५० अंशांवर किमान तीन महिने तापवतात. म्हणून उन्हात राहिलेल्या गाडीतून काढलेली बाटली शिजल्यासारखी लागली, की लगेच ओतू नका. ती मदेरा होणार नाही, हे खरं. पण लहान पेल्यात, जेवणानंतर, गार करून, खारवलेल्या बदामांसोबत घेऊन बघा. अपेक्षा बदलली की तोंडही बदलतं.

फ्रीज हा पहिला डॉक्टर

नाकाने काही पकडलं नाही आणि तरी वाइन वाईट लागत असेल, तर दहातल्या बऱ्याच वेळा तापमान चुकलेलं असतं. लाल वाइन ‘खोलीच्या तापमानाला’ प्यावी हा सल्ला थंड दगडी घरांमधला आहे. तिला १५ ते १८ अंश हवेत. पंचवीस-तीस अंशांवर तीच वाइन ढिली, गोडसर आणि नाकाला झोंबणारी होते, कारण अल्कोहोल आधी उडतं. अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवा. उलट पांढरी वाइन फ्रीजमधून काढल्याकाढल्या मुकी असते. ८ ते १२ अंशांवर आली की बोलायला लागते.

गारव्याचा उपयोग हत्यारासारखाही होतो. थंडीने वास आणि गोडवा दबतो, आंबटपणा ठसठशीत होतो, तुरटपणा आणि कडवटपणा वाढतो. म्हणून गोडसर, बोथट पांढरी वाइन सात-आठ अंशांपर्यंत खाली न्या, सुधारेल. तुरट लाल वाइन तितकी गार केलीत तर जीभ सोलून निघेल.

हवेचंही असंच आहे. कोवळी, तुरट, गंधकाच्या वासाची वाइन तासभर जगमध्ये उघडी राहिली तर सैलावते. आधीच उतरलेल्या वाइनला हवा देणं म्हणजे आगीत तेल. नुसतं बूच काढून बाटली उभी ठेवण्याला मात्र काही अर्थ नाही. त्या चिंचोळ्या मानेतून हवा जाते किती?

मीठ, लिंबू, साखर

हा भाग सावकाश करा. एक तुरट लाल किंवा बोचरी आंबट पांढरी वाइन घ्या, जी एरवी तुम्ही टाळाल. बशीत चिमूटभर मीठ, लिंबाची एक फोड आणि थोडी साखर.

आधी नुसता घोट घ्या. हिरड्या आणि गाल कसे आवळतात ते बघा. वाइनमधलं टॅनिन नावाचं तुरट द्रव्य लाळेतल्या प्रथिनांना चिकटतं, लाळेचा बुळबुळीतपणा जातो आणि तोंड कोरडं, खरखरीत होतं. म्हणजे तुरटपणा ही चव कमी आणि स्पर्शच जास्त. आता जिभेच्या टोकावर मिठाचे दोन-चार कण ठेवा, ते विरघळल्यावर पुन्हा घोट घ्या. कडवटपणा खाली बसतो आणि मघाशी नसलेलं फळ जाणवतं. पाण्याने चूळ भरा. आता लिंबाची फोड चोखा आणि लगेच घोट घ्या. दात आंबवणारी वाइन अचानक मवाळ, जवळजवळ गोड लागते, कारण जीभ आधीच त्याहून जास्त आंबट सोसून बसली आहे. पुन्हा चूळ. शेवटी साखर, आणि घोट. इथे बहुतेकांचं तोंड वेडंवाकडं होतं. वाइन चिरचिरीत आंबट, पातळ आणि कडू होते.

वाइन सोबत काय खावं याची जी जाडजूड पुस्तकं निघतात, त्यांचं निम्मं पोट या बशीत आहे. वाइन तुरट असेल तर खारट आणि स्निग्ध काहीतरी शोधा, चीज सर्वांत हाताशी. आंबट असेल तर ताटातही आंबट हवं. गोड पदार्थासोबत त्याहून कमी गोड वाइन नको. आणि तिखट अल्कोहोलची जळजळ वाढवतं, तेव्हा जळजळीत वाइन तिखटापासून लांब. बाटली बदलता आली नाही तरी समोरचं ताट बदलता येतं.

बाटल्या झाका

आता थोडी चेष्टा स्वतःची. चार माणसं जमवा, तीन-चार बाटल्या कागदी पिशव्यांमध्ये घालून आकडे टाका, त्यात एक मुद्दाम वाईट म्हणून नाव झालेली असू द्या. अजून मजा हवी असेल तर तीन पेले भरा, दोनांत एकच वाइन, तिसऱ्यात वेगळी. वेगळा पेला कोणता, एवढंच ओळखायचं. सोपं वाटतं तितकं ते नाही.

जाणकारांचीही इथे फजिती झालेली आहे. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात बोर्दोच्या ५४ विद्यार्थ्यांपुढे पांढरी वाइन वासहीन लाल रंग घालून ठेवली, तर तिचं वर्णन त्यांनी लाल वाइनच्या शब्दांत केलं. रॉबर्ट हॉजसन यांनी कॅलिफोर्निया राज्याच्या जत्रेतल्या स्पर्धेत एकाच बाटलीतली वाइन परीक्षकांना न सांगता तीनतीनदा दिली. साधारण दहातल्या एकालाच आपले गुण जवळपास तेच ठेवता आले. २००८ साली आलेल्या दुसऱ्या एका अभ्यासात तीच वाइन महाग म्हणून सांगितल्यावर लोकांना जास्त आवडली, आणि मेंदूतला सुखाची नोंद घेणारा भागही त्या वेळी जास्त जागा झाला. म्हणजे ते खोटं बोलत नव्हते. त्यांना खरंच जास्त सुख मिळालं.

यावरून ‘वाइनमध्ये काही नसतंच, सगळं ढोंग’ असा निष्कर्ष काढणारे पुष्कळ आहेत. मला तो आळशीपणा वाटतो. टीसीए काही कुणाच्या डोक्यातून येत नाही. पण लेबल वाचून आधीच नाक मुरडून बसलो, तर ठीकठाक वाइनसुद्धा वाईट लागणार, एवढं मात्र नक्की. तेव्हा यजमानाने बाटली पुढे केली की आधी चाखा, लेबल नंतर वाचा.

कोंड्याचा मांडा

एवढं करूनही वाइन सुधारली नाही, तर तिच्यात काहीतरी घाला. हा वाइनचा अपमान आहे असं कुणी म्हणालं तर त्याला इतिहास सांगा. ग्रीक लोक वाइनमध्ये पाणी घालूनच पीत. रोमन केटोने शेतीवरच्या आपल्या लिखाणात समुद्राचं पाणी घालून वाइन करायची कृती देऊन ठेवली आहे. मध आणि मिरी घालणं तर रोमन लोकांच्या रोजच्यातलं.

काय घालायचं ते दोषावर ठरवा. मिळमिळीत पांढरीत बर्फ आणि सोडा, वर लिंबाची साल पिळून. बोचऱ्या लालमध्ये संत्र्याच्या फोडी, थोडी साखर, दोन तास फ्रीजमध्ये, हीच सांग्रिया. स्पेनच्या बास्क प्रांतात लाल वाइन आणि कोला निम्मंनिम्मं मिसळतात, त्याला कालिमोचो म्हणतात. १९७२ साली तिथल्या एका उत्सवासाठी आणलेली वाइन नासकी निघाली आणि ती खपवण्यासाठी ही शक्कल लढवली गेली, असं सांगतात. बर्फ भरपूर घातलात तर हे पेय लोक नावं ठेवतात तितकं वाईट नाही.

थंडीत लाल वाइनमध्ये दालचिनी, लवंग, संत्र्याची साल आणि साखर घालून मंद आचेवर ठेवा. वाफ यायला लागली की बंद. उकळी फुटू देऊ नका, अल्कोहोल ७८ अंशांवर उकळतं आणि लवंग कडू होते. स्वयंपाकात घालणार असाल तर एक लक्षात ठेवा, आटवल्यावर पाणी आणि अल्कोहोल जातं, आम्ल आणि टॅनिन उरतं. त्यामुळे कंटाळवाणी वाइन रश्श्यात छान जाते, फार तुरट वाइनचा रस्सा कडवट होतो. बुचाची बाधा झालेली वाइन यांपैकी कशातच घालू नका. साखर आणि मसाल्याच्या आडूनही तो कुबटपणा डोकं वर काढतो.

आणि अगदीच नाही जमलं तर

व्हिनेगर लावा. रुंद तोंडाची काचेची बरणी घ्या, धातूची नको. १३ टक्क्यांच्या वाइनमध्ये तितकंच पाणी घाला, कारण फार कडक अल्कोहोलमध्ये जिवाणू नीट काम करत नाहीत. सुरुवातीला न गाळलेलं, जिवंत व्हिनेगर पाव भाग मिसळा. तोंडावर सुती फडकं बांधा, हवा जायला हवी आणि चिलटं जायला नकोत. अंधाऱ्या, उबदार कोपऱ्यात ठेवा आणि हलवत बसू नका. काही आठवड्यांत वर जिवाणूंचा एक जाडसर, लिबलिबीत पापुद्रा धरतो. दिसायला किळसवाणा, पण तोच कामाचा. आधी नेलपॉलिशसारखा वास येईल, तो पुढे जातो. दोन-तीन महिन्यांनी चाखून बघा. आंबटपणा झणझणीत आणि स्वच्छ लागला की गाळून बाटलीत भरा. पापुद्रा आणि तळाचं थोडं व्हिनेगर बरणीतच राहू द्या, आणि पुढची आंबूस बाटली निघाली की पाणी घालून थेट त्यातच ओता. फक्त कुबट वासाची नको, नाहीतर सगळी बरणी वाया जाईल.